बाहेर सांगायचं वाक्य

नाथाजीने मांजराचे मागचे पाय एका मुठीत धरले, पुढचे दुसऱ्या मुठीत, आणि भुरीला लोखंडी टेबलावर कुशीवर आडवं केलं. पकड पक्की होती. वीस वर्षं फौजेत खेचरं सांभाळलेल्या माणसाला मांजराचं काय कौतुक, अशा थाटात तो उभा होता. पण भुरीने मान वळवून त्याच्याकडे एकदा पाहिलं, तशी त्याने आपली नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नेली. डॉक्टरांनी तिच्या पोटाखालचे केस बोटांनी बाजूला सारले. शेवटच्या आचळाजवळ लिंबाएवढी गाठ होती, आणि एका बाजूने ती फुटली होती. घरच्या हळदीचा पिवळा थर तिच्यावर वाळून बसला होता.

"कधीपासून आहे हे?"

"दिवाळीपास्नं, साहेब. तवा सुपारीएवढी हुती. आता फुटलीया."

डॉक्टर तरुण होते, मुंबईला शिकून आलेले. साताऱ्याच्या या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात त्यांच्यापुढे येत ते बैल, म्हशी, शेळ्या. टोपलीत मांजर घालून आणणारा हा पहिलाच गडी. बाहेर उभ्या असलेल्या शेतकऱ्यांनी त्यावरून थोडी थट्टाही करून घेतली होती. डॉक्टरांनी मात्र थट्टा केली नाही. त्यांनी नळी लावून भुरीची छाती बराच वेळ ऐकली, दोन्ही काखांत चाचपलं आणि हात धुवायला वळता वळता सांगायला सुरुवात केली. हा कॅन्सर होता. बैलाच्या शिंगात होतो, बाईच्या छातीत होतो, त्याचाच भाऊबंद. दोन वाटा होत्या. एक, पोटाची ती सगळी बाजू कापून काढायची. भूल सोसली तर चार-पाच महिने मिळाले असते, त्यातला एक जखम भरण्यात गेला असता. आणि श्वासाचा आवाज ऐकून त्यांना वाटत होतं, की रोग छातीतही पोचला असावा. दुसरी वाट इंजेक्शनची. झोपेतच जाईल, कळणारही नाही.

"शुक्रवारी मी ऑपरेशनं करतो. तोवर घरात विचार करा आणि त्या दिवशी काय ते सांगा."

"जी साहेब," नाथाजी म्हणाला. टाचा जुळवायची त्याची सवय अजून गेली नव्हती.

खरं तर विचार करायचं काही उरलंच नव्हतं. नाथाजीचा निर्णय टेबलावरच झाला होता. झटकन निर्णय घेणं ही त्याच्या आयुष्यातली एकमेव चैन होती म्हणा ना. पलटणीत डोंगरउतारावर खेचराचा पाय मोडला, की बाकीचे जवान त्याच्या मानेला मिठी मारून बसायचे. नाथाजी तसं करत नसे. तो वाकून हाड बघायचा, उठायचा आणि सुभेदाराला सांगायचा, याला मोकळं करा. अकरा खेचरं त्याने अशी, एकेका गोळीने, मोकळी केली होती. साहेब लोक पाठीवर थाप मारायचे. हवालदार होऊन पेन्शनीत आल्यावरही ती कीर्ती साताऱ्याशेजारच्या गोडोलीत, त्याच्या घरापर्यंत, त्याच्यामागे आली. कुणाचा बैल बसला, कुणाची म्हैस अडली, की आधी हवालदाराला बोलावणं यायचं. ठेवायचं की सोडायचं हे हवालदार एका नजरेत सांगतो, अशी पंचक्रोशीत त्याची ख्याती होती. आणि खोटं कशाला बोला, त्याला ती आवडायची.

अंजना बाहेर कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर बसली होती. शेळ्या घेऊन आलेल्या दोन बायका शेजारी होत्या. नवऱ्याला पाहून ती उठली.

आता आपल्याकडची एक रीत सांगायला हवी. डॉक्टरच्या खोलीत बाप्या जातो, आणि बाहेर येऊन बाईमाणसाला एक वाक्य सांगतो. आत दहा वाक्यं झालेली असोत की पन्नास, बाहेर येतं ते एकच. माणसाचा दवाखाना असो की जनावरांचा, रीत बदलत नाही. ते वाक्य कुठून निघालं, वाटेत त्यातलं काय सांडलं, हे बाई विचारत नाही. विचारणं म्हणजे नवऱ्यावर अविश्वास, आणि डॉक्टरपुढे तर बाईने तोंड उघडायचं नसतंच. नाथाजी ही रीत जन्मभर पाळत आला होता आणि त्यात आपण बायकोचं ओझं हलकं करतो अशी त्याची मनापासूनची समजूत होती.

"हाताबाहेर गेलंय," तो म्हणाला. "काय हुण्यासारखं न्हाई."

अंजनाने टोपली हातात घेतली. ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग टोपलीवर फडकं नीट ओढून ती चालू लागली, आणि नाथाजीला वाटलं, दुःखाने तिला बोलायला सुचत नसेल.

भुरी मूळची अंजनाच्या आईची, अंबूबाईची. अंबूबाईला मुलगा नव्हता. नवरा गेल्यावर तासगावकडचं आपलं घर भाऊबंदांच्या हवाली करून ती लेकीकडे राहायला आली, तेव्हा एका पिशवीत चार लुगडी आणि दुसऱ्या पिशवीत हे राखी पिल्लू होतं. जावयाच्या घरी राहायचं म्हणून म्हातारी सदा अंग चोरून असायची. भूक लागली तरी मागायची नाही. बोलायची ती मांजराशी. पुढच्याच वर्षी तिला छातीत गाठ झाली आणि ती गेली. त्याला आता सहा वर्षं होत आली होती. लेक लग्न होऊन शिरवळला गेली होती. घरात राहिले नाथाजी, अंजना आणि भुरी. नाथाजी एका सहकारी संस्थेच्या गोदामावर वॉचमन म्हणून जायचा. दिवसभर घरात अंजनाच्या मागे मागे फिरायला भुरीच असायची.

आता ती फिरत नव्हती. पूर्वी फळीवर उडी मारून बसायची, ती चुलीशेजारच्या पोत्यावर पडून राहायची आणि ती फुटलेली जागा चाटत राहायची. अंजना दिवसातून चार वेळा खोबरेल तेलात हळद कालवून लावायची, माश्या वारायची, कापसाच्या बोळ्याने दूध तोंडात पिळायची. निम्मं दूध बाहेर यायचं.

शेजारची रंगुबाई संध्याकाळी उंबऱ्यावर येऊन बसली आणि भुरीकडे बघून चुकचुकली. कुणीतरी तिला सांगितलं होतं, की सरकारी दवाखान्यात जनावराला सुई देऊन मारतात.

"तसलं काय करू नगासा बरं का," ती म्हणाली. "मांजराची हत्या लय वंगाळ. सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं."

"तसं असंल, तर माझ्या अकरा खेचरांचं सोनं द्यायला सरकारचा खजिना पुरायचा न्हाई," नाथाजी म्हणाला आणि स्वतःच हसला. अंजना हसली नाही. ती भुरीच्या कानामागे बोट फिरवत बसली होती.

नाथाजीने मनात सगळं आखून ठेवलं होतं. शुक्रवारी सकाळी अंजना गिरणीत दळणाला जाईल. तेवढ्यात आपण सायकलला टोपली बांधून दवाखान्यात जायचं, सुई देऊन घ्यायची आणि परत येताना गोदामामागच्या बाभळींत पुरून टाकायचं. अंजना विचारील तेव्हा सांगायचं, की गेली कुठंतरी निघून. मरायच्या वेळी मांजर घर सोडून जातं हे शेंबडं पोरही सांगेल. तिला कापण्याचा विचार करायला नको, मारण्याचा नको, काशीच्या सोन्याचा नको. ओझं सगळं आपल्या शिरावर. असा बेत आखला, की त्याला आतून ऊब वाटायची. आपण घरच्यांसाठी किती सोसतो, याची ती ऊब होती, हे कुणीतरी त्याला वेळेत सांगायला हवं होतं.

बुधवारी सकाळी तो परसात मोरीजवळ आरसा टेकवून दाढी करत होता. गालाला साबण लावून झाला होता, एका बाजूवरून वस्तरा फिरला होता. तेवढ्यात पुढच्या दारी सायकलची घंटी वाजली. दवाखान्यातला कंपाउंडर दिलावर दोन गल्ल्या पलीकडे राहायचा आणि कामावर जाताना याच वाटेने जायचा. मोठा भला माणूस. कुणाचं काम अडू नये यासाठी धडपडणारा, आणि म्हणूनच अशा वेळी घातक.

"वैनी," तो दारातूनच म्हणाला, "शुक्रवारचं हवालदारांनी काय ठरवलं? ऑपरेशन का सुई? ऑपरेशन असंल तर आदल्या रात्रीपास्नं दूध देऊ नका. पोटात काय असलं तर भूल बाधती."

अंजनाचं उत्तर नाथाजीला ऐकू आलं नाही. सायकल पुढे गेल्याचं ऐकू आलं. तोंडाला अर्धा साबण लागलेला असताना माणूस ना पुढे जाऊ शकत, ना मागे. तो वस्तरा हातात धरून तसाच बसला.

अंजना मागच्या दाराशी आली. तिने कमरेचा पदर सोडला, हात पुसले आणि उंबऱ्यावर बसली.

"ऑपरेशन हुतंय म्हनं," ती म्हणाली.

"हुतंय. पन उपेग न्हाई."

"उपेग न्हाई, हे डॉक्टर म्हणाला का तुमी?"

नाथाजीने वस्तरा पाण्यात बुडवला. "मी म्हणतो. मी काय कमी जनावरं बघितली? उगं हाल कशापायी करायचं?"

यावर ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. भांडणात तो हरत नसे. पण ती आरशाकडे बघत होती, आणि आरशातून त्याच्याकडे.

"भाईर येऊन तुमी म्हणालासा, हाताबाहेर गेलंय, काय हुण्यासारखं न्हाई," ती सावकाश म्हणाली. "मिरजंच्या दवाखान्याच्या पायरीवर बी ह्येच म्हणाला हुता. आईच्या वक्ताला. ह्येच, असंच." तिने आरशातून नजर काढली आणि सरळ त्याच्याकडे बघितलं. "तितं बी दोन वाटा हुत्या?"

नाही म्हणायला काय लागत होतं? त्या खोलीत तिसरं कुणी नव्हतं. तो डॉक्टर आता कुठे असेल कुणास ठाऊक. अंबूबाई तर सांगायला येणार नव्हती. एक 'न्हाई' म्हटलं असतं की प्रकरण तिथंच मिटलं असतं, आणि खोटं पचवायची नाथाजीला सवय नव्हती असंही नाही. पण सहा वर्षं घशात अडकलेलं हाड त्या दिवशी त्याच्याने गिळवलं नाही.

"व्हय," तो म्हणाला. "हुत्या."

मग त्याने सांगितलं. सलग नाही, तुटक तुटक, साबण गालावर सुकत असताना.

एकाहत्तर साली दसऱ्याच्या सुमाराला तो महिन्याच्या रजेवर आला होता. सरहद्दीवरची हवा तापत होती. केव्हाही तार येईल आणि रजा मोडावी लागेल असं सगळे म्हणत होते. रजेचे चार दिवस उरले असताना म्हातारीने छातीची गाठ लेकीला दाखवली. तिघं एसटीने मिरजेला गेली. तिथल्या डॉक्टरने तपासलं आणि नाथाजीच्या अंगावरचा गणवेश बघून त्याला एकट्याला आत बोलावलं. छाती कापायची आणि मग विजेचा शेक द्यायचा. दोन महिने तिथंच राहावं लागेल. दोन वर्षं मिळतील, नशीब असेल तर जास्तही. नाहीतर असंच घरी न्या, पाच-सहा महिने काढील. डॉक्टर म्हणाला होता, म्हातारीला विचारा, लेकीला विचारा, उद्या सांगा.

उद्यापर्यंत नाथाजी थांबला नाही. त्याने तिथल्या तिथे हिशेब केला. दोन महिने मिरजेत म्हातारीजवळ राहणार कोण? अंजना. मग तेरा वर्षांची पोर घरात एकटी. आपण कुठल्या डोंगरावर असू ते आपल्यालाच माहीत नाही. म्हातारी साठीच्या पुढची, सुरीला भिणारी. आणि चार दिवसांत हे सगळं लावून देणार कसं? पाय मोडलेलं खेचर त्याने जसं वाकून बघितलं असतं तसंच हेही बघितलं, आणि उठला. घरी नेतो म्हणाला. कागदावर सही केली. बाहेर पायरीवर मायलेकी बसल्या होत्या, त्यांना एक वाक्य सांगितलं. पाचव्या दिवशी तो पठाणकोटच्या गाडीत होता. डिसेंबरात लढाई झाली. फाल्गुनात पत्र मिळालं, आई गेली. तोवर तिचे दिवससुद्धा होऊन गेले होते.

"मला वाटलं, तिला भ्या नगं, तुला घोर नगं," तो म्हणाला. "माझ्या मनात वंगाळ नव्हतं, अंजना."

"ते मला ठावं हाय."

परसातल्या पेरूवर कावळे ओरडत होते. नाथाजीला वाटलं, संपलं. आपण समजत होतो तेवढं अवघड नव्हतं.

"तुमी गेल्यावर आई दर बाजारी इचारायची," अंजना म्हणाली. "मिरजंला परत कवा जायचं, म्हणायची. तितं काय तरी औषिद असंल की गं. माझ्या अंगात अजून बळ हाय, मी सोशीन. मी म्हणायची, जायचं की आई, हे सुट्टीवर आलं की जायचं. मला वाटायचं, काय बी हुण्यासारखं न्हाई तर आशा तरी लावावी म्हातारीला. ती दर खेपंला नवं लुगडं पिशवीत भरून ठिवायची." तिने हात उघडून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं. "वाट हुती आन् मी तिला खोटी आशा म्हणून दावली."

हे नाथाजीला ठाऊक नव्हतं. ते पाच महिने त्याने पाहिलेच नव्हते. त्याच्या लेखी म्हातारी मिरजेच्या पायरीवर होती आणि त्यानंतर पत्रात होती, मधलं काही नव्हतंच. त्याने दुसरा गाल तसाच ठेवून तोंड धुतलं. त्याला रडू येत होतं आणि बायकोपुढे रडायची त्याला लाज वाटली.

ते दोन दिवस वाईट गेले. अंजना अबोला धरणाऱ्यातली नव्हती, त्यामुळे ते अधिकच जड झालं. भाकरी वेळेवर मिळत होती, आंघोळीचं पाणी निघत होतं, काही विचारलं तर उत्तर येत होतं. पण आपणहून ती एक शब्द बोलत नव्हती. गोदामावर नाथाजीचं लक्ष लागेना. लाकडी खुर्चीवर बसून तो मनात वाक्यं जुळवायचा. मी तरी काय करणार होतो. रजाच चार दिवसांची होती. दोन वर्षं म्हणजे शेवटी दोनच वर्षं. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि घराच्या दारापर्यंत पोचेतो एकही टिकत नव्हतं.

भुरीचं काय करायचं हे त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मांजर आता मान उचलत नव्हतं. रात्रभर तिचा घरघर श्वास ऐकू यायचा. गुरुवारी संध्याकाळी अंजनाने दुधाचा बोळा भिजवलाच नाही, वाटी पालथी घालून ठेवली. नाथाजी समजला. ऑपरेशन करणार ही. त्याचं मन म्हणत होतं, चूक आहे, हाल आहेत, चार महिन्यांसाठी एक महिना जखमेचा. इतक्या वर्षांची त्याची नजर खोटी ठरत नव्हती. तरी तो बोलला नाही. आपल्याला बोलायचा हक्क उरलेला नाही असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं, आणि ते वाटणं त्याला मुळीच आवडलं नाही.

शुक्रवारी दवाखान्याचं आवार बैलांनी भरलं होतं. लिंबाखाली चार-पाच जोड्या, कुणाची शिंगं फडक्यांनी बांधलेली. नाथाजीने सायकल टेकवली, टोपली सोडली आणि सवयीने आत जायला वळला.

"मी जाते," अंजना म्हणाली. "तुमी भाईर बसा."

"डॉक्टर इंग्रजी शब्द लय वापरतो. तुला समजायचं न्हाई."

"न्हाई समजलं तर पुन्हा इचारीन."

टोपली घेऊन ती आत गेली. नाथाजी त्या बुटक्या भिंतीवर बसला. तिथं शेळ्या घेऊन बसलेल्या बायकांनी त्याला जागा करून दिली. गड्याला इथं बसलेला बघून त्यांना जरा नवल वाटलं असावं. लिंबाखालून ज्ञानू म्हणून एक ओळखीचा शेतकरी उठून आला. त्याच्या खिलाऱ्याचं डावं शिंग कलंडलं होतं, मुळाशी रक्त येत होतं. जरा बघता का हवालदार, तो म्हणाला, शिंग काढायचं का इकून टाकायचा, तुमी एकदा सांगितलं की आमी सुटलो. नाथाजी बसल्या जागेवरून बैलाकडे बघत राहिला. शिंग काढायला हवं होतं, ते त्याला लांबूनही दिसत होतं.

"डॉक्टरला इचार," तो म्हणाला. "आन् सगळं इचार. मला कशाला इचारतोस, गड्या?"

ज्ञानू चमकला. हवालदाराची तब्येत बरी नसावी, असं समजून तो परत बैलाकडे गेला.

आतून अंजनाचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. ती बोलायची, मग डॉक्टर बोलायचे, मग पुन्हा ती. पहिल्यांदा नाथाजीला वाटलं, आता होईल, मग होईल. पण ते संपेना. आतली ही पाच मिनिटं, दहा मिनिटं बाहेर बसून काढणं म्हणजे काय असतं, हे त्याला माहीत नव्हतं. तो आयुष्यभर आतल्या बाजूला होता. मिरजेला तो पाऊण तास आत होता. त्या पाऊण तासात म्हातारी पायरीवर काय करत होती, दाराकडे बघत होती की लेकीचा हात धरून बसली होती, हे त्याने कधी मनातही आणलं नव्हतं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी दार उघडलं.

अंजनाच्या हातात टोपली होती आणि टोपलीत भुरी जिवंत होती.

ती त्याच्या शेजारी भिंतीवर बसली. टोपली मांडीवर घेतली. तो काही विचारायच्या आतच तिने सांगायला सुरुवात केली. डॉक्टर जे जे म्हणाले ते सगळं. पुन्हा तपासलं. छातीत पाणी झालंय. भूल दिली तर उठेलच असं नाही, रुपयात आठ आणे. उठली तर दीड-दोन महिने, आता चार नाहीत. सुई दिली तर लगेच, दुखणार नाही, त्यांनी तसं छातीवर हात ठेवून सांगितलं. काहीच केलं नाही तर आठ-दहा दिवस. दुखतंय का, तर दुखतंय, पण त्यावर गोळी आहे, ती चुरून पाण्यातून द्यायची, मग गुंगीत राहील. जास्तच झालं, श्वास लागला, तर कुठल्याही दिवशी घेऊन या, सुईला शुक्रवार लागत नाही, असं ते म्हणाले. किती गोळ्या, कितीदा, जास्त दिली तर काय होतं, तेही तिने सांगितलं. बोलताना ती मधे थांबून आठवायची आणि राहिलेलं पुन्हा जोडायची. त्यातलं काही सांडू नये म्हणून ती किती जपत होती, ते नाथाजीला दिसत होतं.

"मंग?" त्याने विचारलं.

"मी म्हणाले, कापू नगासा. घरी नेते. गोळी द्या."

नाथाजीने मोठा श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी तो श्वास पुरा बाहेर पडला होता. त्याच्या मनात काय आलं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि ते मनात ठेवायचं शहाणपण त्याला असतं तर फार बरं झालं असतं. पण आशा माणसाला शहाणपण सुचू देत नाही. सगळं ऐकून, सगळं समजून तिनेही शेवटी घरीच न्यायचं ठरवलं होतं. म्हणजे.

"म्हंजी," तो हळूच म्हणाला, "सगळं इचारलंस तरी तू बी त्येच केलंस. आईच्या वक्ताला मी केलं त्येच."

अंजनाने भुरीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"न्हाई," ती म्हणाली. "मांजराला बोलता येत न्हाई म्हणून मी ठरवलं. आईला बोलता येत हुतं."

ती उठली. टोपली तिने सायकलला बांधायला दिली नाही, हातातच धरली, आणि उन्हातून फाटकाकडे चालू लागली. थोड्या वेळाने नाथाजी सायकल हातात धरून तिच्या मागे निघाला.